फोटोतला दहावा माणूस

"निघालोयच मी," असं म्हणत तो आत यायचा.

माणूस बाहेर पडताना असं म्हणतो हे तुम्हा-आम्हाला ठाऊक आहे. हा गडी आत येताना म्हणायचा. खांद्यावरची कापडी पिशवी उतरवायची नाही. खुर्ची पुढे सरकवली तर तिच्या पाठीवर हात ठेवून उभं राहायचं, आणि असं उभ्या-उभ्याच जेवणवेळेपर्यंत काम करायचं. शेवटी आम्ही त्याच्यासाठी कॉम्प्युटर कागदाच्या रिमांवर चढवून ठेवला, म्हणजे त्याला वाकायला नको. मशीनवरच्या बाळूला कागद कमी पडला की तो खालून एखादी रीम ओढायचा आणि आर्टिस्ट ओरडायचा, "आरं बाळू, माझा मजला पाडतोस काय!"

निपाणीत त्याला सगळे आर्टिस्टच म्हणत. त्याला नाव होतं, पण ते मी इथं लिहिणार नाही. आपलं नाव कुठं लावलेलं त्याला कधीच आवडलं नाही. मात्र त्याचं काम तुम्ही पाहिलेलं असणार. इकडं कधी हळदीची पुडी घेतली असेल, उदबत्तीचा पुडा फोडला असेल, विडीच्या बंडलाचा कागद टरकावला असेल, तर त्यावरचा मोर, कमळ नाहीतर दाढीवाला बाबा त्यानं काढलेला असण्याचा संभव बराच आहे. आधी ब्रशनं काढायचा, मग कॉम्प्युटरवर शिकला. लग्नपत्रिका, दुकानाच्या पाट्या, शाळेच्या गॅदरिंगचे बॅनर, आलेलं काम तो सोडत नसे. मराठी आणि कन्नड दोन्ही अक्षरं सारखीच झोकात काढायचा आणि शुद्धलेखन दोन्हीकडं सारखंच चुकवायचा.

ते सुधारायचं काम माझं. मी प्रेसमध्ये ऑर्डरी घेतो आणि मुद्रितं तपासतो, म्हणून मला सगळे मास्तर म्हणतात. शाळेत मी एक दिवस शिकवलेलं नाही. मी त्याच्या कामावर लाल खुणा केल्या की तो खिडकीकडं बघत उभा राहायचा आणि म्हणायचा, "मास्तर, हळद काय वाचून खात्यात व्हय?" माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. मग तोच गुपचूप दुरुस्ती करून द्यायचा.

त्यानं आयुष्यात एकदा नोकरी धरली होती. तरुणपणी, बेळगावात, पाट्या रंगवणाऱ्या एका दुकानात. किती दिवस टिकलास, असं मी विचारलं तर म्हणाला, "दुपारपातूर. डबा खायाला भाईर गेलतो, परत जायाचं ध्यानातच न्हाय ऱ्हायलं." तेव्हापासून तो कुणाचाच नव्हता, आणि ते तो मिरवायचा. शाईवाल्या कंपनीचा एजंट एकदा त्याला म्हणाला, "तुम्ही या प्रेसचे का?" तर हा म्हणाला, "मी कुनाचा न्हाय. उलट ह्यो प्रेसच सकाळपास्नं माझा हाय. दुपारनंतर ते हळदवाले माझे."

ते खरंही होतं. सकाळी आमच्याकडं, मग हळदीच्या व्यापाऱ्याकडं, तिथून लग्नपत्रिकांच्या दुकानात, संध्याकाळी बॅनरवाल्याकडं. पायाला भिंगरी लावलेली. आणि गंमत अशी की या चारही ठिकाणी त्याला 'आमचा आर्टिस्ट' म्हणत.

खंडेनवमीला त्याची खरी त्रेधा उडायची. आमच्याकडं त्या दिवशी मशीन धुऊन-पुसून झेंडूची माळ घालतात. प्रत्येकानं आपलं हत्यार मांडायचं, बाळूचा पाना, बाइंडिंगवाल्या सुमनआक्काचा दाभण, माझं लाल पेन. हळद-कुंकू, नारळ, पेढे, मग मालकाकडून प्रत्येकाला टॉवेल-टोपी, आणि शेवटी मशीनसमोर सगळ्यांचा फोटो. आर्टिस्टचं हत्यार म्हणजे एक जुना ब्रश आणि कॉम्प्युटरचा माऊस. ते चार ठिकाणी पूजेला लागायचे. हा आरती संपली न संपली तोच ओल्या कुंकवासकट माऊस पिशवीत टाकून पळायचा. संध्याकाळपर्यंत चार टॉवेल, चार टोप्या आणि चार फोटो. आमच्या फोटोत तो दरवर्षी अण्णांच्या शेजारी उभा असे, तोंड जरा दरवाज्याकडं वळलेलं.

अण्णा म्हणजे आमचे मालक. चातुर्मासात सूर्यास्ताच्या आत जेवणारे, फटकळ तोंडाचे, आणि कुणाच्या घरी आजारपण आलं की स्वतः मोटार काढणारे. त्यांचे भाऊबंद तंबाखूच्या व्यापारात वर गेले, हे छपाईत राहिले. आम्ही कामाला नऊजण. हा आकडा मुद्दाम सांगतो, कारण पुढचं सगळं त्याच्यावर आहे. दहा माणसं झाली की कारखान्याला कामगार विम्याचा कायदा लागतो. मालकानं आणि कामगारानं दरमहा थोडं-थोडं भरायचं, आणि कामगाराला नि त्याच्या घरच्यांना कार्डावर दवाखाना फुकट. अण्णांनी नऊवर वर्षानुवर्षं काढली होती. दहावा ठेवायची पाळी आली की ते स्वतः बाह्या सारून कटिंग मशीनवर उभे राहत. आम्हालाही त्याचं काही वाटत नसे. खरं सांगायचं तर आम्हाला ते माहीतच नव्हतं.

माहीत झालं ते कन्सल्टंट आला तेव्हा. मसाल्याच्या एका मोठ्या गिऱ्हाइकानं अण्णांकडं कागद मागितले होते. तुमच्याकडं कामगार कोण आणि बाहेरचा कोण ते लिहून द्या, नियम आता कडक झालेत, असं त्यांचं म्हणणं. अण्णांनी बेळगावहून सल्लागार बोलावला. इस्त्रीचा शर्ट, हातात टॅब, बोलणं पुण्यासारखं. त्यानं प्रेसमध्ये नजर फिरवली आणि रिमांच्या मजल्यासमोर उभ्या असलेल्या माणसाकडं बोट केलं.

"हे कोण?"

"ह्यो आमचा आर्टिस्ट," अण्णा म्हणाले.

"आमचा म्हणू नका."

"मग कुनाचा म्हनू?"

"कुणाचाच म्हणू नका. रोज येतात का हे?"

"यीतोय की. पण जातोय बी."

कन्सल्टंटनं कपाळाला हात लावला. म्हणाला, हा माणूस रोज येतो, तुमचा कॉम्प्युटर वापरतो, तुमचा चहा पितो, आणि भिंतीवरच्या फोटोत तुमच्या शेजारी तुमचीच टोपी घालून उभा आहे. उद्या इन्स्पेक्टर आला तर तो याला तुमचा कामगार धरणार. म्हणजे तुम्ही दहा झालात. फोटो आधी काढा.

खंडेनवमीचा फोटो भिंतीवरून उतरवायचा म्हटल्यावर अण्णांचा चेहरा पडला. शेवटी त्यांनी त्यावर कॅलेंडर लटकवलं. पंखा लावला की कॅलेंडर फडफडायचं आणि आम्ही खालून डोकावायचो.

मग सुरू झाले नियम. आर्टिस्टनं स्वतःचा लॅपटॉप आणायचा. ठरावीक जागी उभं राहायचं नाही. त्याला 'उद्या सकाळी ये' म्हणायचं नाही, 'तुमच्या सोयीनं या' म्हणायचं. अण्णा जन्मभर त्याला अरे-तुरे करत आले होते. "तुमच्या सोयीनं या हो आर्टिस्ट," असं ते पहिल्यांदा म्हणाले तेव्हा बाळू मशीनच्या मागं जाऊन हसला. चहा देणंही बंद करायचं होतं. ते काही अण्णांना झेपलं नाही. ते स्वतःच्या नावावर दोन चहा सांगायचे, एक पुढं ठेवायचे आणि पाठ फिरवून उभे राहायचे. मग तो चहा आपोआप संपायचा.

पहिले काही दिवस आर्टिस्ट खूश होता. "एवढी वर्सं बोंबलून सांगतोय, मी कुनाचा न्हाय. आता सरकारमान्य झालं," असं तो गावभर सांगत सुटला. पण एक दिवस आला तर रिमांचा मजला मोडलेला. कॉम्प्युटर खाली टेबलावर, त्यावर कव्हर. तो लॅपटॉप छातीशी धरून जरा वेळ उभा राहिला. मी म्हटलं, "बस की कुठंतरी." तो म्हणाला, "कुठं बसलं म्हंजी चालतंय, मास्तर? तेवढं सांगा." त्यात चेष्टा नव्हती. मला फार वाईट वाटलं, आणि वाईट वाटलं की मी चिडतो, म्हणून मी त्याच्या हातातल्या कामातल्या चुका काढत बसलो.

आता सुमनआक्काबद्दल सांगायला हवं. बाइंडिंगच्या कोपऱ्यात ती आमच्या सगळ्यांच्या आधीपासून बसलेली. नवरा नाही, लेक सासरी. त्या वर्षी तिच्या पोटात कळा यायला लागल्या. पित्ताशयात खडे झालेत, काढायला पाहिजेत, असं डॉक्टरनं सांगितलेलं. ती पुढं ढकलत होती. कळ आली की कागदाच्या गठ्ठ्यावर पोट दाबून पडायची आणि उठून पुन्हा छापील तावांच्या घड्या घालायला लागायची. आम्ही तिकडं न बघायला शिकलो होतो. दुसरं काय करणार?

दहाचा हिशेब कन्सल्टंटच्या तोंडून तिनं ऐकला होता. मग एका दुपारी आर्टिस्ट चकचकीत कागदाचे नमुने बघायला तिच्या कोपऱ्यात गेला तेव्हा तिनं हातातलं काम न थांबवता विचारलं.

"आर्टिस्ट, तुमी हितं कामाला हायसा म्हनून सांगितलं तर आमास्नी कार्ड मिळतंय म्हनं. खरं काय?"

"कोन म्हनालं?"

"त्यो टाकटुक शर्टवाला."

"आक्का, मी कामाला न्हाय हितं."

"मग रोज काय देवदर्शनाला येता?"

बाळूनं मशीन बंद केलं. आर्टिस्टनं पिशवी एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर घेतली. "आक्का, मला दुसरं काय बी मागा," तो म्हणाला. "एक डाव नाव लागलं की मी संपलो बघा. टायमाला ये, टायमाला जा. मला ते जमंना झालं म्हनून तर मी असा हाय. लगीन बी केलं न्हाय मी त्येच्यापायी."

"बरं, ऱ्हाऊ द्या," आक्का म्हणाली. "मी आपलं इचारलं."

ती रागावली असती तर बरं झालं असतं. ती रागावली नाही, आणि तो नमुने तिथंच टाकून निघून गेला. त्यानंतर तो आमच्याकडं येईना. काम फोनवरून पाठवायचा. कधी कोगनोळीच्या नाक्याजवळ दिसला म्हणे, कधी खानापूरकडच्या एस.टी.त, कधी कडोलीच्या साहित्य संमेलनाच्या मांडवात, जिथं त्याचं काहीच काम नव्हतं. एकदा मला बाजारात आडवा आला आणि बरोबर चालत राहिला. वळणावर म्हणाला, "मास्तर, मी खोटं बोललो न्हाय. चार ठिकाणी काम करनारा मानूस एका ठिकाणचा कसा आसंल? सांगा की." मी म्हटलं, "नाहीच." तो म्हणाला, "मग मला झोप का न्हाय?" आणि माझ्या उत्तराची वाट न बघता रस्ता ओलांडून गेला.

इन्स्पेक्टर आले ते एका सोमवारी. सभ्य गृहस्थ. अण्णांशी कन्नडमध्ये बोलत त्यांनी हजेरीपट बघितला, मशीनं बघितली, पाणी मागितलं. अण्णांनी पाहुणचार म्हणून पंखा मोठा केला. कॅलेंडर उडालं. अगदी वर जाऊन खिळ्याला अडकलं आणि तिथंच राहिलं. इन्स्पेक्टर ग्लास हातात घेऊन फोटोसमोर उभे राहिले आणि बोटानं मोजायला लागले. मालक सोडून दहा भरले.

नेमका त्याच वेळी आर्टिस्ट दारात. बरोबर त्याच वेळी कसा आला ते मला आजही कळलेलं नाही. बाहेर गाडी बघून आला की उगाच, देव जाणे. "निघालोयच मी," असंही म्हणाला नाही.

इन्स्पेक्टरनी फोटोकडं बघितलं, मग त्याच्याकडं. "इवरु यारु?" त्यांनी अण्णांना विचारलं. हे कोण?

अण्णांनी मान खाली घातली. कन्सल्टंटनं पढवलेलं उत्तर त्यांना तोंडपाठ होतं. माझ्यासमोर त्यांनी ते घोकलं होतं. पण ते बोलेनात. इन्स्पेक्टरनी मराठीत त्यालाच विचारलं, "तुम्ही इथं काम करता काय?"

सुमनआक्का खाली बघून घड्या घालत होती. तिनं मान वर केली नाही. आर्टिस्टनं खांद्यावरची पिशवी काढली, टेबलावर ठेवली, आणि ती पडू नये म्हणून तिच्यावर हात ठेवला.

"व्हय. हितंच कामाला हाय मी."

"कधीपासून?"

"लई वर्सं झाली. फोटोत केस काळं हाईत बघा माझं."

माझा जीव भांड्यात पडला, आणि त्याच क्षणी मला अण्णांकडं बघवेना. इन्स्पेक्टर गेल्यावर अण्णांनी प्रेस डोक्यावर घेतला. "चार गावचं पानी पिऊन आलास आन् माज्याच हिरीत पाय धुतलास! कुनाचा न्हाय म्हनत हुतास न्हवं? आता कसा झालास माजा?" आर्टिस्ट ऐकून घेत उभा राहिला. मग म्हणाला, "अण्णा, तुमचाच म्हनालो. दुसऱ्याचा म्हनलो आसतो तर राग यायाला पायजे हुता." त्या दिवशी अण्णा जेवले नाहीत, पण दुसऱ्या दिवशी कागदांवर सह्या केल्या. त्यांच्या सुदैवानं मागच्या वर्षांची थकबाकी फारशी कुणी उकरली नाही.

आम्हा दहाजणांची कार्डं आली. माझंही आलं. मी ते पाकिटात घातलं, आणि घरी जाईपर्यंत दोनदा काढून बघितलं.

आर्टिस्ट नोकर झाला. साडेनऊला यायचा, सही करायचा, खुर्चीत बसायचा. बसून त्याचा पाय असा हलायचा की टेबल थरथरायचं आणि माझी लाल रेघ वाकडी व्हायची. बाकीची तिन्ही गिऱ्हाइकं त्याला सोडावी लागली. कंपनीचा माणूस दुसऱ्याचं काम करू शकत नाही, असं कन्सल्टंटनं लिहूनच घेतलं होतं. हळदीचा व्यापारी प्रेसवर येऊन अण्णांशी भांडून गेला, आमचा माणूस पळवला म्हणून. बॅनरवाल्यानं कोल्हापूरहून कुणी पोरगा आणला, त्यानं शिवरायांच्या जयंतीच्या बॅनरवर घोडा उलटा छापला, आणि त्याचा बोलही आम्हालाच लागला.

त्याचं काम बिघडलं असं मी म्हणणार नाही. चुका तर कमीच झाल्या. पण हळदीच्या पुडीवर उगवता सूर्य आला, मग उदबत्तीवर आला, मग एका पापडाच्या पिशवीवरही तोच सूर्य त्याच कोपऱ्यात. मी म्हटलं, "अरे, पापडाला सूर्य कशाला?" तो म्हणाला, "वाळाय नगंत व्हय?" उत्तर त्याच्या जुन्या पद्धतीचं होतं, पण म्हणताना तो खिडकीकडं बघत नव्हता, भिंतीकडं बघत होता. पुष्कळदा वाटायचं, त्याला सांगावं, बाबा, जा आता. पण मग पाकिटातल्या कार्डाची आठवण यायची आणि मी तोंडाला कुलूप लावायचो. आमच्यातलं कुणीच त्याला जा म्हणालं नाही.

सुमनआक्काचं ऑपरेशन बेळगावच्या कामगार दवाखान्यात झालं. काढलेले खडे तिनं बाटलीतून आणून आम्हाला दाखवले. ती पुन्हा कामावर आली, पहिल्यासारखी ताठ बसायला लागली. मला वाटलं, आता हाही रुळला. माणूस कशालाही सरावतो, असं मी बायकोला सांगितलंसुद्धा.

मग एक दिवस कन्सल्टंट कसलेसे कागद घेऊन आला. आर्टिस्ट खुर्चीतून उठून त्याच्याजवळ गेला आणि हळू आवाजात बोलला, पण मशीन बंद असल्यानं आम्हाला सगळं ऐकू आलं.

"सायेब, समजा ह्यातला येक मानूस कमी झाला. नऊच ऱ्हायले. मग ह्यांची कार्डं काढून घेत्यात काय?"

"छे हो," कन्सल्टंट टॅबमधून मान वर न करता म्हणाला. "कायदा एकदा लागू झाला की झाला. मग माणसं कमी झाली तरी उठत नाही तो."

"कदी बी?"

"कधीही."

"म्हंजी पयल्याच म्हैन्यात येक मानूस गेला आसता, तरी?"

"तरी काही फरक पडला नसता. का हो?"

"मग सांगायचं न्हाय व्हय आदी?"

"तुम्ही विचारलंत कुठं?"

आर्टिस्ट हसायला लागला. टेबलाला धरून हसला, खाली बसून हसला, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसला. कन्सल्टंट घाबरून आमच्याकडं बघत होता. आम्ही कुणी हसलो नाही. आपण गेलो तर आक्काचा दवाखाना जाईल या धास्तीनं हा माणूस इतके महिने त्या खुर्चीत बसून राहिला होता, आणि ते आम्हाला त्या वेळी कळलं. सुमनआक्कानं पदर तोंडाला लावला.

तो दुपारी डबा खायला बाहेर गेला आणि आला नाही. टेबलावर राजीनाम्याचा कागद होता, दोन ओळींचा. अण्णांनी तो हातात घेतला आणि मला म्हणाले, "मास्तर, ह्यात चुका किती हाईत मोजा." मी मोजल्या नाहीत. त्याचा फोन लागेना. त्यानं नंबर बदलला असावा. आमच्याकडं तो पुन्हा फिरकला नाही. आला असता तर अण्णांनी त्याला कुठल्या नात्यानं आत घ्यायचं, हा प्रश्न पुन्हा उभा राहिला असता, आणि ते त्याला ठाऊक असणार.

गावात आहे म्हणायचे. कुणाला तरी रोज दिसायचा.

संक्रांतीच्या पुढं-मागं सुमनआक्कानं गूळ-दाण्याच्या शेंगापोळ्या केल्या आणि मला म्हणाली, "मास्तर, चला माज्यासंगट. त्येला देऊन येऊ." पोळ्यांचा डबा कापडात बांधून तिनं कडेवर घेतला होता. आम्ही हळदीच्या व्यापाऱ्याकडं गेलो. "आत्ताच गेला," तो म्हणाला. पत्रिकांच्या दुकानात गेलो. तिथं चहाचा अर्धा कप टेबलावर होता. "हितंच हुता की, आत्ता." बॅनरवाल्याकडं पोहोचलो तर त्याच्या कॉम्प्युटरवर एक मोर अर्धा रंगवलेला.

बॅनरवाला म्हणाला, "बसा, यील. न्हायतर न्हाय बी यायाचा. काय भरवसा न्हाय त्येचा. आन् लई खोकतोय हल्ली, आक्का. रातसारी खोकतोय म्हनं. दवाखान्यात जा म्हनलं तर हसतोय."

"कवापास्नं?" आक्कानं विचारलं.

"दिवाळीपास्नं आसंल. वाळून चाललाय पार."

आम्ही थांबलो. उन्हं कलली तरी तो आला नाही. बाहेर पडलो आणि बसस्टँडच्या कट्ट्यावर टेकलो. बेळगावच्या, कोल्हापूरच्या गाड्या लागत होत्या, सुटत होत्या, आणि आम्ही दोघंही प्रत्येक गाडीच्या खिडक्या बघत होतो. मला नुसता राग येत होता. त्याच्यावर, कन्सल्टंटवर, स्वतःवर, खिशातल्या कार्डावर. त्याचं कार्ड तर नोकरीबरोबरच गेलं होतं. आक्का मात्र शांत दिसत होती. तिनं कमरेची पिशवी सोडली, त्यातून प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेलं आपलं कार्ड काढलं आणि माझ्यापुढं धरलं.

"मास्तर, माज्या कार्डावर त्येला दावता यील काय?"

"नाही आक्का," मी म्हटलं. "त्यावर घरचीच माणसं चालतात."

"मग भाऊ म्हनून लिवा की त्येला. लाल पेन हाय न्हवं तुमच्याकडं?"

कार्डावर कोण घरचं आणि कोण बाहेरचं हे सरकारी कायद्यात ठरतं, आणि एवढा थोराड भाऊ त्यात बसत नाही, हे मला तिला सांगता येईना. मी पेन काढून हातात धरून बसलो. मग तिनं कार्ड पुन्हा नीट गुंडाळलं, डबा कडेवर घेतला, आणि समोर लागलेल्या कोल्हापूरच्या गाडीत चढून एकेका बाकापाशी त्याला शोधायला लागली.